जाळी अनेक, दर्या एक
– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला



पूर्वी कॉलेजच्या कट्ट्यावर गावसकर थोर की विश्वनाथ, लता श्रेष्ठ की आशा, असे वाद रंगत असत, असे आमचे सर सांगतात. आज त्याच कट्ट्यावर नवा वाद येऊन बसला आहे. विंडोज चांगले की लिनक्स? अँड्रॉइड बरा की आयफोन? प्रोग्रॅम लिहायचा तर पायथन शिकावी की जावा? संगणकशास्त्र शिकणारी आमची मित्रमंडळी सुट्टीत गावी आली की ह्या विषयावर इतक्या तावातावाने बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावे, ह्यांच्या घरच्या जमिनीचाच तंटा चालला आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण यंत्रांनाही लागू पडते, हे मला तेव्हा कळले.

ह्या वादात कला शाखेच्या मुलीने तोंड घालू नये, असे काहींना वाटेल. परंतु संगणकाने आमच्या आयुष्यात शिरताना आमची शाखा विचारलेली नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचा निकाल, सातबाराचा उतारा, सगळे त्याच्याच दारातून येते. माझ्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिली. त्यामुळे घरातला कोणताही कागद आणि कोणताही अर्ज शेवटी माझ्याच हातात येतो. तो ज्या यंत्रावर भरायचा त्या यंत्रात मराठी नीट उमटते की नाही, हा प्रश्न मला परीक्षेतल्या प्रश्नांपेक्षाही जवळचा वाटतो. म्हणून ह्या विषयावर मत मांडण्याचे धाडस करीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: साधनांची स्पर्धा जरूर असावी, परंतु ती स्पर्धा अक्षरांपर्यंत पोचली, की तिचा दंड गरीब आणि नवशिक्या माणसाला भरावा लागतो. मराठीच्या बाबतीत गेली तीस-पस्तीस वर्षे हेच होत आले आहे.

प्रथम वाद कशाचा आहे ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा होडीवरून लवकर समजले. होडीवर खलाशी असतात, जाळे असते, इंजिन असते. पण कोणी केव्हा काय करायचे हे तांडेल ठरवतो. संगणकाचा पडदा, कळफलक, स्मृती आणि आपण उघडलेले निरनिराळे प्रोग्रॅम ह्यांच्यात कामाची वाटणी करून देणारा जो तांडेल, तीच ऑपरेटिंग सिस्टीम. होडी तीच राहिली तरी तांडेल बदलला की तिची चाल बदलते, हे आमच्या किनाऱ्यावर कोणालाही सांगायला नको.

असे तांडेल जगात बरेच झाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स रचायला घेतले. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला आणि १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची पहिली आवृत्ती काढली. विंडोज ही विकत घ्यायची वस्तू. तिच्या पोटात काय आहे हे घेणाऱ्याला पाहता येत नाही, बदलता तर मुळीच येत नाही. ही पद्धत पसंत नसलेल्या रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. जो वापरील त्याला आतली रचना पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क असला पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. पुढे १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत असे जाहीर केले. त्यातूनच लिनक्स उभे राहिले. त्या वेळी त्याचे वय एकवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्यापेक्षा दोनच पावसाळे अधिक पाहिलेला तो मुलगा!

प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनांतही अशीच घराणी आहेत. व्हीआय आणि ईमॅक्स हे मजकूर लिहिण्याचे दोन प्रोग्रॅम, दोन्ही १९७६ सालचे. त्यांतला कोणता श्रेष्ठ, ह्यावर तेव्हापासून चाललेला वाद अजून मिटलेला नाही. किराणा आणि ग्वाल्हेर घराण्यांचे चाहते जसे एकाच मैफलीतून निरनिराळी मते घेऊन घरी जातात, तसलाच हा प्रकार.

लिनक्सची तऱ्हा मालवणच्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागू नये. आपल्याकडे रापण आहे. लांबलचक जाळे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून सर्वांनी मिळून ओढायची. जाळे एकट्याचे नसते. जो दोर ओढतो त्याचा वाटा असतो. लिनक्स असेच हजारो हातांनी ओढले जाते. कोणी फिनलंडमध्ये बसून, कोणी पुण्यात बसून. ह्याउलट एकाच मालकाचे मोठे यांत्रिक जहाज ही दुसरी पद्धत. तिथे खलाशाला पगार मिळतो, जाळ्यावर हक्क मिळत नाही.

ही तुलना ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे लेखिका लिनक्सच्या पक्षाची! तसे एकदम ठरवू नका. रापणीचे कौतुक करणारे पुष्कळ असतात, पहाटे थंडीत दोर ओढायला येणारे थोडे. लिनक्स फुकट मिळते हे खरे. पण ते बिघडले तर आमच्या गावात दुरुस्त करणारा कोण? विंडोजचा जाणकार बाजारपेठेत दोन दुकाने सोडून सापडतो. शिवाय ज्या पहिल्या संगणकावर आमच्या पिढीने बोट ठेवले तो बहुधा विंडोजचाच होता. एमएस-सीआयटीचा वर्ग गावोगावी पोचला आणि ज्यांच्या घरात कधी टाइपरायटरही आला नव्हता त्यांच्या मुलांनी माऊस हातात धरला, ही लहान गोष्ट नाही. त्यातले एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण कित्येकांची आजही समजूत आहे की ते मायक्रोसॉफ्टच! एका कंपनीचे नाव आणि ती विद्या आपल्या मनात किती एकजीव झाली आहेत, ते ह्या गैरसमजावरून कळते. आणि विंडोजमध्ये आपला कोणी नाही असेही नाही. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ नावाचा देवनागरी फॉन्ट आला; तो सांगलीत जन्मलेले कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांच्या हातचा.

दुसरी गंमत अशी की भांडणारे भांडत असताना दोन्ही पक्ष एकमेकांच्या घरात कधीच शिरले आहेत. लिनक्सला नावे ठेवणारा मित्र ज्या अँड्रॉइड फोनवरून नावे ठेवतो, त्या फोनचा गाभाच लिनक्सचा आहे. आमच्या वाडीतले रापणकर वाऱ्याचा अंदाज ज्या फोनवर पाहतात, तेही नकळत लिनक्सच वापरतात. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. कचेरीतल्या टेबलावर मात्र विंडोजच अधिक दिसते. तेव्हा कोण जिंकले हा प्रश्नच फोल आहे.

उलट कोणी एकच जिंकू नये, ह्यातच आपले हित आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या कंपनीच्या संरक्षक प्रोग्रॅममध्ये एक सदोष सुधारणा पाठवली गेली आणि जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे एका दिवसात बंद पडली. विमाने खोळंबली, आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. ज्यांची यंत्रे दुसऱ्या प्रणालीवर होती ती चालू राहिली. परसात नुसते माड लावले आणि माडावर रोग आला, तर घरात काही उरत नाही. माडासोबत पोफळ, फणस, कोकम असले म्हणजे वर्ष निभावते. म्हणून विंडोजही असावे, लिनक्सही असावे, पायथनही असावी, जावाही असावी. ह्या भांडणाला माझी काही हरकत नाही.

माझी हरकत निराळ्या भांडणाला आहे. ते कट्ट्यावर कोणी भांडत नाही. पण त्याचा चटका मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला बसतो. ते आहे अक्षरांचे भांडण.

एका निबंध स्पर्धेसाठी मी फोनवर निबंध लिहिला आणि पाठवला. तिकडून उत्तर आले, अमुक फॉन्टमध्ये टाइप करूनच पाठवा, हा आमच्याकडे उघडत नाही. तो फॉन्ट विकतचा, आणि माझ्याकडे संगणक नाही. डीटीपीच्या दुकानात पानामागे तीस रुपये सांगितले. सहा पानांचे एकशे ऐंशी. आई बाजारात टोपली घेऊन बसते; एखाद्या मंद्या दिवशी तिच्या हातात एवढेच उरतात. मी घरी ही हकिकत सांगितली तेव्हा चौथीपर्यंत शिकलेले माझे बाबा म्हणाले, “चेडवा, क तो क. तुजो क वेगळो आणि त्येंचो क वेगळो, ह्या कसा काय?”

बाबांचा प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर देताना मला ग्रंथालयात दोन दिवस बसावे लागले. ते उत्तर असे. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि त्या क्रमांकाचे चित्र पडद्यावर काढण्याचे काम फॉन्ट करतो. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक जगाने फार पूर्वी ठरवून टाकले. मराठीचे काय? १९९० च्या दशकात छपाई संगणकावर आली तेव्हा फॉन्टला २५६ घरे मिळत. निरनिराळ्या कंपन्यांनी त्या घरांत, जिथे इंग्रजी अक्षरे राहत होती तिथेच, देवनागरीची चित्रे आपापल्या सोयीने बसवली. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, आयएसएमचे फॉन्ट, प्रत्येकाचा नकाशा निराळा. एकाच्या घरात जिथे ‘क’ राहतो तिथे दुसऱ्याच्या घरात मात्रा राहते. म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की गिचमिड दिसते. आणि फॉन्टच नसला तर इंग्रजी अक्षरांचा नुसता उकिरडा!

ह्या कंपन्यांना मी दोष देत नाही. त्यांनी हे केले नसते तर मराठी वर्तमानपत्रे आणि पुस्तके संगणकावर यायला आणखी दहा वर्षे लागली असती. पण कोणी वाट दाखवलीच नव्हती असेही नाही. संपूर्ण भारतासाठी इनस्क्रिप्ट हा एकच कळफलक १९८६ साली आखला गेला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. मराठी शिकला त्याला त्याच बोटांनी कानडीही लिहिता येईल, इतकी ती सोय. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिथे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम झाले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती मानक म्हणून मान्य झाली. आणि त्याच १९९१ मध्ये जगातील सर्व लिप्यांना एकाच यादीत जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. ह्या यादीत ‘क’ चा क्रमांक आहे २३२५. तो मालवणात २३२५, मुंबईत २३२५, न्यूयॉर्कमध्येही २३२५. विंडोजमध्ये तोच आणि लिनक्समध्येही तोच. बाबांच्या प्रश्नाला जगाने दिलेले हे उत्तर आहे. क तो क.

मग अडले कुठे? हातांच्या सवयीत आणि जुन्या साधनांत. ह्यातली अडचण खरी आहे आणि ती सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे. आमच्या भागात डीटीपी करणाऱ्या बहुतेकांचा हात टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळफलकावर बसलेला आहे. टाइपरायटरवर अक्षर दिसते तसे तुकड्यातुकड्यांनी उमटवतात. ‘कि’ लिहायचा तर पहिली वेलांटी आधी आणि क मागून. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो. क आधी आणि वेलांटी मागून. वीस वर्षे ज्या हाताने लग्नपत्रिकांपासून ग्रंथांपर्यंत सगळे जुळवले, त्या हाताला आता उलटे चाल असे म्हणणे सोपे नाही. शिवाय छपाईच्या पानांसाठी अनेक ठिकाणी अजून पेजमेकर वापरतात. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली आणि तिला युनिकोड मराठी कळत नाही. नवा प्रोग्रॅम विकत घ्यायचा तर पैसे कोण देणार? जिल्ह्यातल्या छोट्या छापखान्याचा नफा तो किती!

पण अडचण खरी असली म्हणून नुकसान खोटे ठरत नाही. आपण विद्यार्थी आज सगळे फोनवर युनिकोडमध्येच लिहितो. तो मजकूर छापखान्यात गेला की एक तर पुन्हा टाइप होतो, नाही तर परिवर्तक नावाच्या प्रोग्रॅममधून जुन्या फॉन्टमध्ये ढकलला जातो. ह्या प्रवासात वेलांट्या शेजारच्या अक्षरावर उड्या मारतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतात. सर्वांत मोठे हाल होतात ते मराठीच्या स्वतःच्या खुणांचे. आपल्याकडे ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. फरक एका रफाराचा. युनिकोडने हा फरक ओळखून र ला २३५२ आणि ऱ ला २३५३ असे दोन वेगळे क्रमांक दिले आहेत. जुन्या फॉन्टच्या ओढाताणीत तो टिकला नाही, तर रापणकरांवर लिहिलेल्या लेखात आमचा दर्या सह्याद्रीच्या दऱ्यांत जाऊन पडतो, आणि वाचणारा म्हणतो, काय ही आजकालची मुले, साधे शुद्धलेखन येत नाही!

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. घरात वडीलधारे शिकलेले असतील तर मुलाचे लिखाण पाहून देतात, ओळखीच्या माणसाकडून टाइप करून आणतात. ज्यांच्या घरात पहिलेच पुस्तक मुलीच्या दप्तरातून आले, तिच्या लिखाणाला यंत्रानेही साथ दिली नाही तर ती दुसऱ्यांदा लिहिणार नाही. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठी टंकलेखनाचे मिनिटाला तीस शब्दांचे प्रमाणपत्र लागते. वर्गाची फी भरून कोणत्या कळफलकावर बोटे बसवायची, हा प्रश्न ज्याच्याकडे दोनदा फी भरायला पैसे आहेत त्याला पडत नाही. बाकीच्यांना पडतो. साधनांच्या स्पर्धेत गिऱ्हाइकाला निवड मिळते, असे अर्थशास्त्राच्या तासाला शिकवतात. अक्षरांच्या स्पर्धेत गिऱ्हाइकाला नुसता हेलपाटा मिळतो.

आणखी एका नुकसानीकडे गुरुजनांचे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडे एकदा एक लिपी हातची गेलेली आहे. शिवकाल, पेशवाई आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी कारभार मोडीत चालला. छापखाने आले, खिळे पाडायला बालबोध सोपी पडली आणि मोडी मागे पडली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत, कोकणातल्या जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत मोडी कागद आहेत. परंतु वाचणारा शोधायला जावे लागते. २०१४ साली मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली, ही आनंदाची गोष्ट. पण मोडीचे कागद निदान डोळ्यांना दिसतात, शिकून वाचता तरी येतात. जुन्या फॉन्टमधल्या फायलींचे तसे नाही. तो फॉन्ट, तो प्रोग्रॅम आणि तो संगणक ही तिन्ही एकत्र जमली नाहीत तर ती फाइल मुकीच. छापलेला अंक कपाटात राहील, त्याला वाळवी लागली की संपला. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने लिहिलेले वाचता यावे आणि वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याने टाइप केलेले वाचता येऊ नये, ह्याला प्रगती म्हणायचे काय?

ह्याच्या उलट उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड विकत घेणे आमच्या घराला ह्या जन्मी शक्य नव्हते. आज तो फोनवर वाचता येतो. हवा तो शब्द टाकला की हवी ती नोंद समोर येते. हे कशामुळे? मजकूर युनिकोडमध्ये आहे म्हणून. जुन्या फॉन्टमध्ये असता तर नुसते चित्र दिसले असते, शोध घेता आला नसता. सुंदर अक्षरांसाठी विकतचेच फॉन्ट हवेत ही सबबही आता उरलेली नाही. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींनी मुक्त, बलू असे देखणे युनिकोड फॉन्ट कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे देऊन टाकले आहेत.

आता मूळ वादाकडे येते. आमच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले ह्यांचा संघर्ष सगळ्यांना ठाऊक आहे. २०१६ साली शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे कधीही असे नव्हते की जगात एकाच प्रकारचे जाळे असावे. रापण आहे, कांडाळी आहे, गळ आहे, पाग आहे. ज्याला जे जमेल ते त्याने वापरावे. त्यांचे म्हणणे एवढेच की ज्या जाळ्याने दुसऱ्याच्या वाट्याचा दर्याच रिकामा होतो, त्याला आवर घातला पाहिजे. संगणकाच्या बाबतीत माझे म्हणणे हेच आहे. विंडोज, लिनक्स, पायथन, जावा, ही सगळी जाळी. ती कितीही असोत, आपापसांत स्पर्धा करोत. अक्षर हा दर्या आहे. त्यावर कोणाचीही मालकी चालता कामा नये.

नुसत्या तक्रारी करून थांबणे बरे नव्हे, म्हणून आपल्या महाविद्यालयापुरत्या तीन सूचना नम्रपणे करते. पहिली, पुढील वर्षापासून वार्षिकाचे सर्व लेख युनिकोडमध्येच घ्यावेत आणि छपाईचे काम देताना तशी अट घालावी. छापखान्याला ह्यासाठी वेळ आणि थोडा अधिक मोबदला द्यावा. ज्यांच्या हातांनी आजवर आपले अंक जुळवले त्यांच्यावर एकदम बोजा टाकू नये. प्रत्येक अंकाची युनिकोड प्रत ग्रंथालयात जपून ठेवावी. दुसरी, संगणकाच्या खोलीतल्या निदान दोन यंत्रांवर लिनक्स बसवावे. केरळात सरकारी शाळांतले संगणकशिक्षण कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालले आहे. त्यांच्या मुलांना जे जमते ते आपल्याला न जमण्याचे कारण नाही. विंडोज काढून टाका असे मी म्हणत नाही. दोन्ही तांडेलांच्या हाताखाली काम केलेला खलाशी कोणत्याही होडीवर उपाशी राहत नाही, एवढेच सांगते. तिसरी, मराठी विभागाने दर वर्षी आठ दिवसांचा इनस्क्रिप्ट टंकलेखनाचा वर्ग घ्यावा, आणि त्यात कला शाखेच्या, विशेषतः घरी संगणक नसलेल्या मुलांना प्रथम जागा द्यावी. आजच्या कोणत्याही संगणकात हा कळफलक असतोच, तो नुसता चालू करायचा असतो. ह्याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती फक्त शिकवणाऱ्याची हौस आणि शिकणाऱ्याची चिकाटी.

विज्ञान शाखेच्या मित्रांनाही एक विनंती. तुमच्यापैकी कोणी उद्या प्रोग्रॅम लिहील. तो कोणत्या भाषेत लिहिलात, कोणत्या प्रणालीवर लिहिलात, हे तुमचे तुम्ही ठरवा. परंतु त्याच्या एखाद्या चौकटीत मालवणची एखादी बाई आपले नाव मराठीत लिहील, तेव्हा ते नाव जसेच्या तसे दुसऱ्या टोकाला पोचेल एवढी काळजी घ्या. तिला तुमची प्रणाली कोणती हे कधी कळणार नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

आमच्या आधीच्या पिढ्यांनी अक्षर मिळावे म्हणून कष्ट उपसले. ते आता कोठे आमच्या घरात आले आहे. ते कोणाच्या कुलपात जाऊ न देणे, एवढे काम आमच्या पिढीने केले तरी पुष्कळ झाले.